पोळपाट : पोळीभाजी केंद्रासाठी मोठ्या पडद्याचा फोन, प्रकल्प नोंदी

१२ जुलै २०२५, शनिवार

मामीला चार फोन घ्यायचेत. एक काउंटरला, एक आत ओट्यापाशी, एक डबे पोचवणाऱ्या दादाला, एक तिला स्वतःला. चारही सारखेच, मोठ्या पडद्याचे, प्रत्येकी वीस हजारांच्या आत. "सारखे असले की एकाचा चार्जर दुसऱ्याला चालतो," हे तिचं कारण. टाइप-सी आल्यापासून ते कारण उरलेलं नाही. तिचं दुसरं कारण मात्र पक्कं आहे: एकीला जमलं की ती बाकीच्यांना शिकवते, आणि सगळ्यांची बटणं एकाच जागी असली तर शिकवणं सोपं जातं.

मी म्हटलं, आधी एक घे. महिनाभर वापरू, मग बाकीच्या तिघांचं बघू. ऐरोलीच्या ऑफिसात मी दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते, तर ठाण्यात नौपाड्याला घरच्या ऐंशी हजारांसाठी तेवढं करायला काय हरकत आहे!

पास-नापास कशावर, ते आजच लिहून ठेवते. नंतर लिहिलं की हातातल्या वस्तूच्या बाजूने निकाल लागतो. सकाळी सातला चार्जरवरून काढलेला फोन रात्री नऊला शटर ओढेपर्यंत टिकला पाहिजे. आलेली ऑर्डर दोन मिनिटांत कळली पाहिजे. पोळ्या लाटणाऱ्या थोरल्या मावशींना (वय साठीपुढे, चष्मा कायम कपाळावर) ऑर्डर स्वतःची स्वतः वाचता आली पाहिजे. पिठाच्या हाताने फोन घेता आला पाहिजे. दादाला स्कूटर बाजूला लावून एका हाताने पत्ता उघडता आला पाहिजे. कॅमेरा कसा आहे, गेम कसे चालतात, हे मी बघणारच नाही.

१३ जुलै, रविवार

फोन आला. ६.७ इंची अ‍ॅमोलेड पडदा, १२० हर्ट्झ, ५००० एमएएच बॅटरी, ८ जीबी रॅम, १२८ जीबी साठवण, धूळ-पाणी अडवण्याचा दर्जा आयपी५४. मसाल्याच्या काट्यावर कव्हरसकट ठेवला, २३१ ग्रॅम भरला. कंपनी आणि मॉडेल इथे लिहीत नाही. या किमतीतले फोन एकमेकांचे सख्खे भाऊ असतात आणि सहा महिन्यांत नाव बदलून येतात.

मावशींनी हातात घेऊन उलटापालटा केला. "अगं बाई, फोन आहे का पोळपाट?" झालं बारसं.

पहिला पाऊण तास झाडलोट करण्यात गेला. आधीच भरलेली सतरा अ‍ॅप काढली. लॉक पडद्यावर रोज नवा फोटो आणि त्याच्या आडून जाहिरात, ते बंद केलं. खोक्यावर "८ + ८ जीबी रॅम" असं लिहिलंय. दुसरे ८ जीबी म्हणजे साठवणीतली जागा रॅमसारखी वापरणं, आणि साठवण रॅमपेक्षा बरीच संथ असते. फ्रिज भरला म्हणून निम्मी भाजी तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे ठेवली तर जागा होते खरी, पण दरवेळी जिना उतरावा लागतो. तेही बंद केलं. स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) बघितला, खोक्यावरच्या आकड्याशी आणि बिलाशी जुळला.

१५ जुलै, मंगळवार

आज मोजपट्टी. मामीचा जुना फोन ५.५ इंची, नवा ६.७ इंची. तिच्या हिशेबाने अक्षर तेवढ्या पटीत मोठं दिसायला हवं, आणि ते दिसत नाही, म्हणून ती नाराज. "पैसे इंचाचे घेतात, मग इंच गेले कुठे?"

प्रश्न चोख आहे. पडद्याचे इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपे मोजतात. जुन्याचं प्रमाण १६:९, नव्याचं २०:९. गणित केलं: जुना पडदा सुमारे ६८.५ मिमी रुंद आणि १२२ मिमी उंच. नवा सुमारे ७० मिमी रुंद आणि १५५ मिमी उंच. सव्वा इंच वाढला आणि रुंदीला आला दीडएक मिलिमीटर. बाकी सगळं उंचीत गेलं. एका ओळीत मावणारी अक्षरं जवळजवळ तेवढीच. यादी लांब दिसते, म्हणजे पाचाऐवजी सात ऑर्डरी एकदम दिसतात, पण प्रत्येक ऑर्डर जुन्याच रुंदीत.

मामीला साडीचं उदाहरण दिलं: पन्हा तोच, लांबी वाढवलेली. लगेच पटलं. "म्हणजे सहावारीची नऊवारी केली." बरोबर.

१७ जुलै, गुरुवार

सकाळी साडेसहाला केंद्रात. ऑफिसला दुपारनंतर गेले. आजचा विषय बोटं.

हा पडदा बोटाचा दाब ओळखत नाही. काचेखाली बारीक विद्युत क्षेत्राची जाळी असते; वीज वाहू शकणारं बोट जवळ आलं की तिथलं क्षेत्र बदलतं आणि फोनला जागा कळते. म्हणून कोरड्या पिठाचा थर बसला की बोट काचेपासून लांब राहतं आणि इशारा क्षीण होतो. पाण्याचं उलटं. थेंबही वीज वाहतो, त्यामुळे फोनला तोही बोटच वाटतो.

थोरल्या मावशी, धाकट्या मावशी आणि मी, प्रत्येकीने प्रत्येक प्रकारात वीस वेळा आलेला कॉल उचलायचा. स्वच्छ हात: साठात साठ. तुपाचा हात: सत्तावन्न. पिठीचा हात: एकेचाळीस. ओला हात: चव्वेचाळीस, पण त्यात पाच वेळा भलतंच उघडलं. कणीक मळतानाचा चिकट हात: सव्वीस. सेटिंगमध्ये हातमोजे घालून वापरण्याची सोय आहे, तिने पडदा जास्त संवेदनशील होतो. ती चालू केल्यावर पिठीचे एक्केचाळीसचे बावन्न झाले, आणि पदराच्या टोकाने ओल्या ओट्यावरचा फोन सारला तरी कॉल लागायला लागला. बंद केली.

बोटाचा ठसा ओळखणारा सेन्सर पडद्याखाली आहे. पडद्याच्या उजेडात बोटाचा जणू फोटो काढून ओळखतो. माझं बोट बहुतेक वेळा ओळखलं. थोरल्या मावशींचं वीसात तीनदा. तीस-पस्तीस वर्षं कणीक मळून त्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्यात. "रेशनच्या मशीनवर पण माझा अंगठा उठत नाही," त्या सहज म्हणाल्या आणि पुढचा उंडा घेतला. मी मात्र जरा गप्प झाले. चाचणीच्या तक्त्यात 'वापरणाऱ्याच्या बोटाला रेषा नाहीत' असा रकाना मी आजवर कधी केला नव्हता.

तोडगा त्यांचाच. बोट मुडपून मधल्या पेराने पडदा सरकवायचा. पेराला पीठ लागत नाही. वीसात एकोणीस. मी तो 'पेर पद्धत' म्हणून नोंदवला आणि उद्यापासून सगळ्यांना लागू.

१८ जुलै, शुक्रवार

घरून फोन, "आज आपोआप पडदा खाली आला, बिघडला." बिघडला नव्हता. अँड्रॉइडमध्ये एका हाताने वापरायची सोय आहे, तळाशी बोट खाली ओढलं की वरचं सगळं अर्ध्यावर येतं. ती चुकून लागली होती. दादाला दाखवली, त्याला आवडली. फोनच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत त्याचाही अंगठा पोचत नाही.

२४ जुलै, गुरुवार. दिव्यांची अवस

कणकेच्या गोड दिव्यांच्या ऑर्डरी, त्यामुळे तोंडी लिहून घेण्याची चाचणी आजच करून टाकली. मराठी बोललेलं कीबोर्ड चांगलं टिपतो. दोन वर्षांपूर्वीपेक्षा खूपच चांगलं. काउंटरवरच्या ताईने सांगितलेल्या आठ ऑर्डरींपैकी सहा जशाच्या तशा उतरल्या. एकीत 'पुरणाचे'चं 'पुराणाचे' झालं, ते चालून जाईल. दुसरी चूक महाग पडली असती: एक्झॉस्ट आणि मिक्सर एकदम चालू असताना 'साठ'चे 'सात' झाले. आकडा बोलला की तो डोळ्यांनी बघायचाच, हा नियम.

अक्षर मोठं करून बघितलं. शेवटच्या पायरीवर गंमत होते. इंग्रजी अक्षरांच्या मापाने आखलेल्या बटणांत आपले वरचे अनुस्वार आणि खालचे उकार मावत नाहीत. 'पुढे' या बटणाचा उकार कापला जाऊन 'पढे' दिसत होतं. देवनागरीला वर माळा आणि खाली तळघर, दोन्ही लागतं. तीन पायऱ्या मागे आल्यावर ठीक झालं, पण मग मावशींचा चष्मा कपाळावरून नाकावर आला.

२८ जुलै, सोमवार. पहिला श्रावणी सोमवार

नापास. ठळक अक्षरात नापास.

साबुदाणा खिचडीच्या ऑर्डरी सकाळी आठपासून येत होत्या. काउंटरवरच्या ताईने दहा चाळीसला फोन उघडला आणि एकदम चौदा मेसेज टिंगटिंग करत पडले. तोवर फोन चिडीचूप. दोन गिऱ्हाइकं गेली. एका काकांनी मामीला लॅंडलाइनवर जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

संध्याकाळी छडा लावला. बॅटरी वाचवण्यासाठी फोन जी अ‍ॅप काही वेळ उघडली नाहीत त्यांना झोपवून ठेवतो. कागदावर बॅटरी दोन दिवस टिकते, ती अशी टिकते. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस आणि यूपीआयचं अ‍ॅप, दोन्हींना बॅटरीच्या सेटिंगमध्ये 'निर्बंध नाही' केलं, आपोआप सुरू व्हायची परवानगी दिली, बॅटरी सेव्हर काढला. पुढचे तीन दिवस दर तासाला ऑफिसमधून मीच खोटी ऑर्डर पाठवणार आहे.

ही गोष्ट पहिल्याच दिवशी बघायला हवी होती. माझी चूक. मी रॅमच्या जाहिरातीवर हसत बसले.

३१ जुलै, गुरुवार

एकूण छत्तीस खोट्या ऑर्डरी. सगळ्या मिनिटाच्या आत. मामी म्हणाली, आता पुरे, खऱ्या मोजता येईनात.

परवा नागपंचमीला तवा चढत नाही, चिरणं-कापणंही नाही, म्हणून फक्त उकडलेली दिंडं होती आणि बाया जरा मोकळ्या होत्या. तेव्हा फोन भिंतीवर स्टँडमध्ये लावून बघितला. मावशी जिथे लाटायला बसतात तिथून भिंत बरोबर दोन मीटर. उत्तम नजरेला दोन मीटरवरून ओळखता येणारं सर्वांत लहान अक्षर साधारण ३ मिमी. हातातलं काम सोडून, घाम पुसत, न ताणता वाचायचं तर त्याच्या तिप्पट तरी हवं, म्हणजे ९ मिमी. सत्तर मिमीच्या ओळीत ९ मिमी उंचीची अक्षरं किती मावणार? 'चाळीस पोळ्या' एवढ्यातच ओळ संपते. गिऱ्हाइकाचं नाव, वेळ, भाजी कोणती, सगळं पुढच्या ओळींवर.

मावशींनी निकाल आधीच दिला होता: "त्यापरीस फळा बरा." मी गणिताने तिथेच पोचले, फक्त उशिरा.

३ ऑगस्ट, रविवार

बॅटरी. १२० हर्ट्झवर रात्री नऊला सरासरी ३३ टक्के उरतात, ६० वर ४१. पडदा सेकंदाला एकशेवीसदा नवा होतो की साठदा, हे केंद्रात कुणालाच कळलं नाही. मलाही सरकवतानाच कळतं. ६० वर ठेवला. पास.

चार्जिंगला मात्र जागा बदलावी लागली. शेगडीशेजारच्या सॉकेटवर लावला की अर्ध्या तासात 'तापमान जास्त, चार्जिंग थांबवले' असा इशारा. लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांपुढे चार्ज करू नये, म्हणून फोनच स्वतःला आवरतो. ते योग्यच आहे. पुढच्या खोलीत देवाच्या फोटोखाली लावला तर तक्रार नाही.

मामीची विजेच्या बिलाची काळजीही मिटवली. ५००० एमएएच म्हणजे सुमारे १९ वॅट-तास. चार्जरमधली गळती धरली तरी एका युनिटात चाळीसेक वेळा भरतो. मिक्सरवर एवढी चटणी वाटते त्याचं काय, असं विचारणार होते, पण जेवायचं तिच्याकडेच होतं.

६ ऑगस्ट, बुधवार

ताईने नवी युक्ती काढलीय. क्यूआरचा छापील कागद तुपकट झाला म्हणून फोनवरच क्यूआर उघडून, उजेड पूर्ण करून, दिवसभर काउंटरवर उभा. दिसायला ऐटबाज. पण अ‍ॅमोलेडमध्ये प्रत्येक ठिपका स्वतः उजेड देतो आणि वापराने झिजतो. तेच चौकोन महिनोन् महिने पेटत राहिले तर त्यांचा डाग पडद्यात कायमचा उमटतो. सोळा-सतरा हजारांची वस्तू क्यूआरचा ठसा घेऊन फिरायची. राम मारुती रोडवरून नवा कागद छापून, लॅमिनेट करून आणला. चाळीस रुपये.

१२ ऑगस्ट, मंगळवार. अंगारकी

मोदकांच्या ऑर्डरींनी सकाळपासून कंबरडं मोडलं. अशा दिवशी एकच फोन पुरत नाही हे दिसलं, आणि चार लागत नाहीत हेही दिसलं. सगळ्यांना हवा होता तो फोन नव्हे, तर केंद्राचा एकच व्हॉट्सअ‍ॅप नंबर. तो मुख्य फोनशिवाय आणखी चार उपकरणांवर जोडता येतो. मी माझ्या जुन्या लॅपटॉपवर जोडून काउंटरवर ठेवला. पडदा १४ इंच आणि आडवा! मामीने सव्वा इंचाचा हिशेब पुन्हा काढला आणि माझ्याकडे बघितलं. ती फोन हातात घेऊन फिरली, ताई लॅपटॉपवर, दादाच्या स्वतःच्या जुन्या फोनवर तिसरं जोडलं.

दादाला पोळपाट देऊन बघितला होता गेल्या आठवड्यात. खिशात मावत नाही, मावला तर वाकल्यावर पडतो. हँडलवर स्टँड लावायचा म्हणाला. मी नको म्हटलं: या फोनच्या कॅमेऱ्यात हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी भिंग हलवायची यंत्रणा आहे, आणि सततच्या कंपनांनी ती बिघडू शकते. ॲपलने तर २०२१ मध्ये आपल्या गिऱ्हाइकांना मोटरसायकलवर फोन बसवण्याबद्दल तशी सूचनाच दिली होती, आणि स्कूटरसाठीही धक्के शोषणारा स्टँड वापरा म्हटलं होतं. पाचपाखाडी ते चरई या रस्त्यांवर धक्के शोषून शोषून किती शोषणार.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कालपासून धुवांधार. लोकल बंद, ऑफिसने घरूनच काम करा म्हटलं. मी लॅपटॉपसकट केंद्रात. डबे मात्र जायलाच हवेत. वरच्या मजल्यांवर एकटे राहणारे आजी-आजोबा पावसात जेवायचे थोडेच थांबतात.

दादा स्वतःहून पोळपाट घेऊन गेला, प्लॅस्टिकच्या पिशवीत. परत आला तो वैतागून. पिशवीवर पाऊस पडला की थेंबच बटणं दाबतात. घंटाळीजवळ नकाशा आपोआप मोठा-लहान होत होता आणि एका आजींना चुकून व्हिडिओ कॉल गेला. आजी खूष झाल्या म्हणे.

आयपी५४ बद्दल त्याला सांगितलं: ५ म्हणजे धूळ बऱ्यापैकी अडते, ४ म्हणजे कुठूनही उडालेले शिंतोडे चालतात. पाण्यात बुडणं त्यात येत नाही. त्याला ६७ लागतं, एक मीटर खोल गोड्या पाण्यात अर्धा तास. तेही प्रयोगशाळेतलं. आणि पाणी शिरलं तर वॉरंटी बहुतेक कंपन्या देत नाहीत. "मग कागदावर पत्ते लिहून द्या ना," तो म्हणाला. दिले. शिवाय पेन्सिलने, कारण शाई पसरते.

२३ ऑगस्ट, शनिवार

गणपती चार दिवसांवर, त्यामुळे बैठक दहा मिनिटांचीच झाली, उकडीची वाफ जिरेपर्यंत.

पोळपाट पास, पण मामीपुरता. फिरत फिरत ऑर्डर बघणं, हिशेब, पैसे आले का ते तपासणं, यासाठी लांब यादी आणि मोठी बॅटरी कामाची. दोन हातांनी, कोरड्या बोटांनी, पुढच्या खोलीत. काउंटरला माझा जुना लॅपटॉप राहील. दादाला लहान फोन हवाय, ६.१ च्या आसपासचा, जाड चालेल, पाणी सोसणारा. या किमतीत आयपी६७ चा लहान फोन मला अजून सापडलेला नाही, दिवाळीपर्यंत बघेन. तोवर त्याचा जुनाच. आत ओट्यापाशी फोन नको, यावर थोरल्या मावशींचं आणि माझं एकमत.

उरलेले तीन पोळपाट रद्द. मामीने गोखले रोडवरून चार बाय तीनचा पांढरा फळा आणला, तीन रंगांचे मार्कर आणि पुसणं. दोन मीटरवरून बघितला, अक्षर तळहाताएवढं.

दुपारी मावशींनी पहिली ओळ स्वतः लिहिली: 'बुधवार – मोदक ३१५'. मी म्हटलं, मावशी, तीनचा आकडा जरा मोठा काढा. त्या म्हणाल्या, "तुला दिसत नसेल तर चष्मा लाव."